आबांच्या कुऱ्हाडीचं पातं

नाही नाही, ती ठेवा खाली. चकाकते म्हणून उचललीत ना? सगळे आधी तीच उचलतात. लाल दांडा, वरून प्लास्टिकची पिशवी – जत्रेतल्या खेळण्यासारखी. मी ठेवतो, गिऱ्हाईक मागतं म्हणून ठेवतो, पण तुम्ही मघाशी म्हणालात की वडिलांना पाहिजे, मग मला आधी हे सांगा – तोडायला पाहिजे की फोडायला? हां, बांधावरची बाभूळ पडली, मशीननं ओंडके करून ठेवलेत, आता फोडायचेत. मग ही काय कामाची? हिचं पातं असं उजेडात धरा, वरून बघा – गाल कसे बसलेले आहेत. चपटी आहे. ही उभ्या झाडाला, फांद्या छाटायला. ओंडक्यावर मारली की आत शिरते आणि रुतून बसते. लाकूड काही फुटत नाही. मग पाय लावा, हलवा, ओढा, पुन्हा मारा, पुन्हा रुतते. फोडण्यापेक्षा काढण्यातच माणूस दमतो. वय काय म्हणालात वडिलांचं? पंचाहत्तर. अशा माणसाच्या हातात रुतणारी कुऱ्हाड देऊ नये, भाऊ. देऊच नये – नाही, काही नाही. तुम्ही बसा. ते स्टूल घ्या, त्याचा एक पाय आखूड आहे, जरा भिंतीला टेकून बसा.

ही बघा, ही फोडायची. दिसायला बोजड, पण हिचे गाल फुगलेले आहेत ना, तिथंच सगळी गंमत आहे. धार हिला फार लागत नाही. धार नुसती दार उघडते, बाकीचं काम गाल करतात – दोन्हीकडून रेटतात, आणि लाकूड आपोआप बाजूला होतं. आमचे आबा म्हणतात, लाकूडले मारानं नही, त्याले वाट दखाडानी. लाकडाला मारायचं नसतं, वाट दाखवायची असते. आबा म्हणजे माझे वडील. हे दुकान त्यांचंच. शेती सांभाळून त्यांनी हे पारोळ्यात सुरू केलं, लोहाराकडं स्वतः बसून पाती ठोकून घ्यायचे, जरा गाल कमी झाला की परत भट्टीत घालायला लावायचे. लोक अंमळनेरहून यायचे – अभिमन आबाची कुऱ्हाड द्या म्हणायचे. आता येतात, पण असं नाव घेऊन कोणी मागत नाही. आणि घण वगैरे नका घेऊ वडिलांना. जड घेतलं की जोर वाचतो असं लोकांना वाटतं. अहो, उचलायचं कोणी? खांदा सांगेल तेवढंच वजन घ्यावं. गाठीचा ओंडका आलाच तर एक लोखंडी पाचर देतो बरोबर, ती ठोकायची, पण तेही तुम्ही घरी असाल तेव्हाच – दीपनगरहून दर रविवारी येता ना तुम्ही? मग झालं तर. म्हाताऱ्याला सांगायचं, गाठीचं माझ्यासाठी ठेवा. त्याला काम करू नका म्हणायचं नाही. एवढं लक्षात ठेवा.

ते? ते नका घेऊ हातात. ते विकायचं नाही. हो, जुनं आहे, आणि तुमची नजर चांगली आहे, एवढ्या ढिगातून बरोबर तेच दिसलं तुम्हाला. तसे गाल आता कोणी ठोकत नाही. पण ते आबांचं आहे, त्यांच्या स्वतःच्या कुऱ्हाडीचं पातं. आणि तो दांडाही राहू द्या, तो पण आबांचाच. धावड्याच्या लाकडाचा आहे, काळा पडलाय बघा हाताच्या तेलानं, मधे बोटांच्या जागी खोलगट झालाय. सकाळी निघताना त्यांनी तो माझ्या हातात दिला. त्यातलं पातं काढून वेगळं दिलं, दांडा वेगळा दिला, आणि म्हणाले – ते अहिराणीतच बोलतात, तुम्हाला कळेल – नवल, पातं तुनं शे, ते तू ठेव. दांडा मना शे, त्यानी माले काठी करी दे. पातं तुझं, तू ठेव, दांडा माझा, त्याची काठी कर. धंदा माझ्याकडं आहे ना, म्हणून म्हणाले असतील. लोखंड दुकानात जायला पाहिजे, असं. ही करवत तेव्हापासून काढून ठेवलीय. खालचं बोंड कापायचं, वर मूठ करायची, अर्ध्या तासाचं काम. पण सकाळपासून गिऱ्हाईकच एकामागून एक – नाही, खरं सांगायचं तर तुम्ही पहिलेच.

थांबा, बोलता बोलता तुमचं बसवायला घेतो. हात रिकामे असले की मला सुचत नाही. दांडा निवडताना रेषा बघायच्या, टोकापासून टोकापर्यंत सरळ गेल्या पाहिजेत, मधेच बाहेर पडली रेषा की तिथून तुटणार. आणि ओला दांडा कोणी दिला तर घेऊ नका, उन्हाळ्यात सुकतो, पातं ढिलं होतं, आणि एखाद दिवशी उडतं. माणसं म्हणतात लोखंड महत्त्वाचं. लोखंड नाही. हाताला ओळख असते ती दांड्याची. डोळे मिटून दहा कुऱ्हाडी हातात दिल्या तरी माणूस आपली बरोबर काढतो – कशावरून? दांड्यावरून. म्हणून तर – हं. म्हणून तर ते जमलं.

काय जमलं? काही नाही हो. आबांना लाकडं फोडायची सवय होती. सवय म्हणजे काय, पहाटे उठायचे, अंगणात ओंडक्यावर बसून चहा घ्यायचे, मग फोडायला लागायचे, बंब पेटवायचे. घरात गॅस आहे, गिझर आहे, पण अंघोळीचं पाणी बंबाचंच. कोनं पानी ऱ्हायनं रे, कोणाचं पाणी राहिलं, म्हणून दारात उभं राहून ओरडायचे, आणि सगळ्यांच्या बादल्या भरल्याशिवाय हलायचे नाहीत. उरलेल्या ढलप्या शेजारच्या सुमनबाईच्या चुलीला. तिचं कोणी नाही, तिच्या दारात आबा रोज टोपलं ठेवून यायचे. बरं, वय झालेलं, त्यात दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. समोरचं माणूस आवाजावरून ओळखायचे. तरी फोडणं चालूच. सांगा आता, भीती वाटणार की नाही? कुऱ्हाड पायावर आली म्हणजे? डॉक्टरांनी पण सांगितलेलं, बंद करा म्हणून. मी बोललो, बायको बोलली, एकदा कुऱ्हाड माळ्यावर टाकली तर जेवलेच नाहीत, दुसऱ्याची मागून आणली. मग मी म्हटलं, ह्यांच्याशी भांडून उपयोग नाही, डोक्यानं घ्यायला पाहिजे.

धार लावून आणतो म्हणून कुऱ्हाड इथं आणली. आबांचं पातं काढलं आणि त्याच दांड्यात दुसरं बसवलं – हे बघा, हे. तेवढ्याच वजनाचं मुद्दाम निवडलं, तराजूत घालून बघितलं, जरा काळं केलं धुरावर. फक्त गाल नाहीत ह्याला. तोडायचं पातं. धार मात्र अशी लावली की विचारू नका, म्हणजे खोल शिरावं आणि घट्ट बसावं. डोळ्यांना दिसत नव्हतं, आणि हातात दांडा तर तोच. हात कसा खोटं म्हणेल? मनात म्हटलं, चार दिवस रुतेल, कंटाळतील, आपणहून सोडतील. भांडण नाही, तंटा नाही. तेव्हा मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं, भाऊ. घरी गेल्यावर बायकोला, ज्योत्स्नाला हसत सांगितलं. ती हसली नाही. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, एवढंच म्हणाली आणि कणीक मळत राहिली. मला राग आला तेव्हा. म्हटलं, तुला काय कळतं.

चार दिवसांत कुठले सोडतायत. रुतायची, ओढायचे. मी आत पांघरुणात पडून ऐकायचो – आधी कसं असायचं, एक घाव, आणि फाटक्कन दोन तुकडे पडल्याचा आवाज. आता घाव ऐकू यायचा आणि पुढं काहीच नाही. मग लाकूड जमिनीवर आपटायचे, कुऱ्हाडीसकट. मग खोकला. मग पुन्हा घाव. कोणाला एका शब्दानं बोलले नाहीत की कुऱ्हाडीत काही गडबड आहे. बाभूळ सोडून निंबाची बारीक लाकडं घ्यायला लागले, ती फोडतानाही त्यांना दुपार व्हायची. बंब उशिरा तापायचा. मुलं गिझरचं पाणी घेऊन निघून जायची, आणि हे दारात उभे, कोनं पानी ऱ्हायनं रे. कोणाचंच राहिलेलं नसायचं. मी तेव्हा पातं बदलू शकत होतो. रोज म्हणायचो, उद्या दुकानात नेतो. पण नेऊन काय सांगणार? आणि मग कानबाईचा सण आला.

तुमच्यात बसते कानबाई? मग सांगायला नको. श्रावणात सगळी भाऊबंदकी आमच्याच घरी जमते, बाहेरगावची नोकरदार पोरं रजा काढून येतात. रोट चुलीवरच करायचे, आणि आमच्यात चुलीचं लाकूड घरातल्या थोरल्या पुरुषानं फोडायचं, त्याच्या पहिल्या घावाशिवाय चूल पेटत नाही. म्हणजे आबांनी. अंगणात सगळे गोल उभे, बायका दारात, पोरांनी मोबाइल धरलेले. मी आदल्या रात्री ओंडका निवडून ठेवला होता, मऊ, सरळ, की पहिल्या घावातच फुटावा – हो, तेवढं मी केलं. पण माझ्या चुलतभावानं, किरणनं, आबांना शोभेसा म्हणून बाभळीचा मोठा आणून ठेवला. हौसेनं. आबांनी कुऱ्हाडीला कुंकू लावलं, मागं घेतली, मारली. बसली आत. गच्च. ओढतायत, येत नाही. पाय लावला, तोल गेला, किरणनं धरलं. कोणीतरी हसलं – वाईट नाही, असंच, माणसं हसतात तसं. मग किरणनं ती काढली, आपली कुऱ्हाड आणली आणि त्यानंच फोडलं. चूल पेटली, रोट झाले, सगळे जेवले. मी पंगतीतून लवकर उठलो. आबांनी मात्र सगळ्यांना आग्रह करकरून वाढायला लावलं.

दुसऱ्या दिवशी कानबाई नदीवर पोचवून आलो, आणि ओट्यावर माझ्याशेजारी बसले. म्हणाले, मना हात सरी गयात रे नवल. तुनंच बरोबर व्हतं. हात संपले माझे, तुझंच बरोबर होतं, मी उगाच हट्ट केला, तुम्हाला त्रास दिला. भाऊ, त्यांनी माझी माफी मागितली. मी काय म्हणालो माहितीय? म्हणालो, जाऊ द्या आबा, वय होतं. वय होतं म्हणालो मी त्यांना. त्या दिवसापासून कुऱ्हाड कोपऱ्यात. बंबात पाणी नाही, सुमनबाई विचारते आबा आजारी आहेत का. आणि आता भिंत धरून चालतात. पायांना काही झालेलं नाही त्यांच्या, पण हात गेले म्हटल्यावर माणूस पायांचाही भरवसा सोडतो की काय कोणास ठाऊक. म्हणून काठी.

डॉक्टर? हां, डॉक्टरांनी सांगितलं होतं ना. म्हणजे – जपून करा म्हणाले होते. ऑपरेशन होईपर्यंत जरा जपून, बाकी करू द्या, हालचाल चांगली असते. बंद करा असं नव्हते म्हणाले. आता तुमच्यासमोर कशाला लपवू, तुम्ही काय रोज भेटणार आहात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नाशिकचे पाहुणे आले होते, आमच्या मुलीला, दिपमालाला बघायला. चांगलं स्थळ, बंगला, गाडी. आणि हे अंगणात, उघडे, धोतर वर खोचलेलं, घामानं निथळतायत. मुलाचे वडील गाडीतून उतरले, बघतच राहिले, मग म्हणाले – अजून आबाच फोडतात का लाकडं? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, हे काय समजले असतील, ह्यांच्यात म्हाताऱ्याला राबवतात. सगळं जमलं तरी ते वाक्य काही डोक्यातून गेलं नाही. त्या आठवड्यातच मी पातं बदललं. पायावर कुऱ्हाड येईल म्हणून नाही. लोकांना दिसतं म्हणून. आणि परवा दिवाळीनंतर त्याच व्याह्यांचा फोन. आबा कसे आहेत विचारलं, म्हणाले, त्यांना त्या दिवशी फोडताना बघून माझ्या वडिलांची आठवण झाली हो, घर चांगलं असणार असं मी गाडीतच म्हणालो होतो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं झालं माझं. मी फोन ज्योत्स्नाच्या हातात दिला.

हं, झाली तुमची कुऱ्हाड. पाचर बसली, वरून ठोकली, आता हलायची नाही. बघा हातात घेऊन. – काय? कोणता दांडा? – अरे. हो की. हा धावड्याचा. आणि पातंही ते. माफ करा भाऊ, तुमचा दांडा तर इथंच पडलाय, मी हे काय करून बसलो. बोलण्याच्या नादात हात आपोआप – नाही, देता येणार नाही, तुम्ही कितीही म्हणालात तरी. पण बसलीय बघा कशी. झटकून बघा. जशी होती तशी आबांची कुऱ्हाड.

ऐका, एक काम कराल? तुम्ही आमच्या गावावरूनच जाणार ना. पाट ओलांडला की डाव्या हाताला पहिली गल्ली, निंबाचं झाड आहे दारात. ओट्यावर बसलेले असतील ऊन खात. त्यांच्या हातात फक्त द्यायची. काही बोलू नका, नवलनं दिली म्हणा. काठी नाही जमली म्हणा. म्हणजे ते एखादं लाकूड घेतील, मारतील, फुटेल, आणि त्यांना वाटेल हात परत आले. बस. बाकी कशाला सांगायचं? मी रात्री उशिरा घरी जाईन. तुम्हाला वाटतं ना, असं बरं होईल? त्यांना कळायचं काही कारण नाही, दांडा तोच, वजन तेच, आणि डोळ्यांना – डोळ्यांचं? हो, ऑपरेशन झालं की. दिवाळीच्या आधी, धुळ्याला, दोन्ही डोळ्यांचं. आता चांगलं दिसतं. पेपर वाचतात. परवा ज्योत्स्नाला म्हणाले, तुझे केस पिकले गं. हे चपटं पातं त्यांनी बघितलं असेल तर –

पातं तुनं शे.

थांबा. थांबा जरा. सकाळी ते काय म्हणाले? दांडा मना शे. आणि पातं – त्यांनी स्वतः काढलं ते. पाचर काढली, हातात घेतलं, उजेडात धरलं असेल. जन्मभर गाल बघूनच पाती निवडली त्या माणसानं. पातं तुनं शे, ते तू ठेव. माझ्याकडं बघत होते म्हणताना, आणि मी मोटरसायकलची किल्ली शोधत होतो. म्हणजे हे चपटं पातं माझं, मी बसवलेलं, त्यांचं नाही, हे त्यांना माहिती होतं. दिवाळीपासून माहिती असेल. आणि तरी भिंत धरून चालतात. तरी काठी मागितली – कुऱ्हाड मागितली असती, तर मला सांगावं लागलं असतं ना. मला सांगायला लागू नये म्हणून काठी मागितली.

द्या. द्या ती इकडे. नाही, तुम्ही नका नेऊ, मीच नेतो, माझंच चुकलं, तुम्हाला कशाला मधे घातलं. तुमची उद्या बसवून ठेवतो, ती फुगीर गालांची, बाजूला काढून ठेवली. आगाऊ पैसे वगैरे नकोत. उठा आता, स्टूल राहू द्या तिथंच. शटर ओढायचंय मला. – नाही, बरोबर येऊ नका, भाऊ. माझ्या पुढं निघा तुम्ही, आणि आमच्या दारावरून जाताना थांबू नका.